डेझीबाईंचं अम्प्टीन

शिक्षकांच्या खोलीत किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. खडूची पूड जशी कपाटावर बसते, तसे ते रोज थोडेथोडे बसत जातात, कुणाच्या लक्षातही येत नाही. मग पुढे कधीतरी आम्ही जुने दोघे-तिघे भेटतो, कुणीतरी सहज फुंकर मारतं, आणि अख्खी खोली पांढरी होते! परवा तसंच झालं, म्हणून हे सांगत बसले आहे.

मी पंचवटीतल्या मुलींच्या एका मराठी शाळेत सायन्स शिकवायचे. गांगुर्डे बाई म्हणजे मी. सत्तरचं दशक मध्यावर आलं होतं तेव्हा लागले, आणि ऐंशीचं संपत आलं तेव्हाही त्याच टेबलाशी बसत होते. आमचं कोंडाळं लहानच होतं. गणिताचे गायधनी सर, पीटीचे पगार सर, ड्रॉइंगचे सय्यद सर आणि मी. मधूनच डोकावणारे हेडसर. आणि इंग्रजीच्या डेझीबाई.

डेझीबाई पारशी. देवळाली कॅम्पात म्हाताऱ्या आईबरोबर राहायच्या. रोज बसनं यायच्या. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, हातात छत्री, मग ऊन असो की ढग. मराठी फडाफड बोलायच्या, फक्त 'तो', 'ती', 'ते' यांचे निर्णय त्या स्वतः घ्यायच्या.

आणि त्यांची एक खोड होती. त्यांच्या तोंडून नेमका आकडा निघायचा नाही. इंग्रजीत 'पुष्कळ' म्हणायला जेवढे म्हणून गमतीचे शब्द आहेत, ते सगळे बाईंच्या पदरी होते. अम्प्टीन, ऊडल्स, हीप्स, झिलियन! पोरी खूश असायच्या. गायधनी सरांना मात्र दोन अधिक दोनच्या पलीकडचं काही सहन व्हायचं नाही, त्यामुळे त्यांचं डोकं दुखायचं.

* * *

बाई शाळेत लागल्या त्याच वर्षीची गोष्ट. स्नेहसंमेलन जवळ आलं होतं. हेडसरांनी बाईंना विचारलं, "तुमच्या वर्गाच्या नाटकाला पालक किती येतील?"

बाई घाईत होत्या. "अम्प्टीन!" म्हणाल्या आणि तालमीला पळाल्या.

हेडसर स्वाभिमानी माणूस. नव्या बाईला 'म्हणजे काय?' असं विचारणं त्यांना जड गेलं. ते गायधनी सरांकडे आले. "सर, अम्प्टीन म्हणजे नक्की किती हो?"

गायधनी सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "थर्टीन, फोर्टीन, फिफ्टीन... शेवटी टीन आहे म्हणजे आकडा विसाच्या आतला. जास्तीत जास्त एकोणीस."

हेडसरांनी मंडपवाल्याकडून मोजून एकोणीस खुर्च्या मागवल्या!

नाटकाच्या संध्याकाळी आया आल्या, आज्या आल्या, कडेवरची पोरं आली, शेजारीपाजारी आले. मंडपात पाय ठेवायला जागा उरली नाही. आम्ही सगळे वर्गांतली बाकं ओढून बाहेर आणत होतो. पगार सरांनी एकट्यानं दोन-दोन उचलली. हेडसर घामानं भिजले होते. "गायधनी, तुमचं गणित चुकलं!"

"गणित नाही चुकलं," गायधनी सर बाकाचं दुसरं टोक धरून म्हणाले, "बाईंचं इंग्रजी चुकलं!"

डेझीबाईंना सगळा प्रकार कळला तेव्हा त्या खुर्च्यांकडे आणि गर्दीकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. "नाइन्टीन? अरे, अम्प्टीनला कोणी कधी पकडला आहे का?"

* * *

पगार सर सटाण्याकडचे. अंगानं दांडगे, मनानं लोण्यासारखे. घरी अहिराणी, शाळेत मराठी, आणि इंग्रजी फक्त 'अटेन्शन' आणि 'स्टँड ॲट ईज' एवढंच. गळ्यात तुळशीची माळ. अंडं तर सोडाच, अंड्याचं दुकान दिसलं तरी ते रस्ता ओलांडून जायचे.

पतेतीला डेझीबाई मोठा डबा भरून रवो आणायच्या. आपला शिराच, पण दुधात शिजवलेला, वर तळलेले बेदाणे. आम्ही त्याची वर्षभर वाट बघायचो. बाई डबा उघडायच्या आणि पहिला पगार सरांपुढे धरायच्या. "घ्या सर, ऊडल्स आहे, ऊडल्स!"

पगार सर दोन्ही हात जोडायचे. "नको बाई. मी माळकरी."

बाई बिचाऱ्या डबा पुढे न्यायच्या. हे एक वर्ष झालं, दोन वर्षं झालं, असं होतच राहिलं. आम्हाला वाटायचं, सर बाहेरचं खात नसतील.

एका पतेतीला सर माझ्या शेजारी बसले होते. माझी वाटी चाटूनपुसून संपत आलेली बघून हळूच म्हणाले, "गांगुर्डे बाई, एक विचारू? ते ऊडल्स... काय शे ते? अंड्याचंच राहतं ना?"

मी वाटी खाली ठेवली. "सर, ऊडल्स म्हणजे भरपूर! तुमच्या गावाकडचं मायंदाळ!"

सरांनी माझी वाटी पाहिली. मग डब्याकडे बघत म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं बाई मला भरपूर देत होत्या, आणि मी हात जोडत होतो?"

ते उठले आणि सरळ डेझीबाईंपुढे जाऊन वाटी धरली. बाई चकित! "सर, तुमचा डायबिटीस बरा झाला?"

* * *

एका मधल्या सुट्टीत गायधनी सरांचा तोल सुटला. त्या दिवशी बाई कुठल्याशा वर्गाला 'आय हॅव टोल्ड यू अम्प्टीन टाइम्स' असं ओरडल्या होत्या आणि भिंतीपलीकडे सरांचा भागाकार चालू होता.

"इंग्रजांना मोजता येत नव्हतं म्हणून असले शब्द काढले त्यांनी," सर चहाचा कप आदळत म्हणाले. "आमची भाषा बघा. रोखठोक! आम्ही म्हणतो, आईला सतराशे साठ कामं आहेत. सतराशे साठ! आकडा आहे त्याला."

सय्यद सर कोपऱ्यात ब्रश धूत होते. त्यांना अशा वेळी फार मजा यायची. त्यांचा पाण्यातला ब्रश थांबला.

डेझीबाईंनी अगदी शांतपणे विचारलं, "सत्राशे साठ? एक्सष्ट का नाय?"

गायधनी सरांनी चष्मा काढला.

"आणि तुमच्या आईनी मोजलेला काय ती कामं?"

सरांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"बघा गायधनी," बाई उठता उठता म्हणाल्या, "आमचा अम्प्टीन मोजतच नाय. तुमचा तर मोजून खोटा बोलतो!"

सय्यद सर इतके हसले, की ब्रशचं पाणी त्यांच्याच पायजम्यावर सांडलं. गायधनी सरांनी त्यानंतर आठवडाभर कुठल्याच वाक्यात कुठलाच आकडा वापरला नाही. वर्गात काय करत होते देव जाणे!

* * *

बाईंचे शब्द पोरींच्या तोंडात बसायला वेळ लागला नाही. आठवीतली मंगल म्हणून एक मुलगी होती, फुलेनगरकडून यायची. हुशार, पण तिरकस. सहामाहीच्या गणिताच्या पेपरात नेहमीचं उदाहरण आलं: टाकीला दोन नळ, एक एवढ्या वेळात भरतो, दुसरा तेवढ्या, तर दोन्ही चालू केल्यास टाकी भरायला किती मिनिटं लागतील?

मंगलनं लिहिलं, 'झिलियन.'

गायधनी सरांनी लाल शाईत शेरा मारला, 'रीत दाखवा.'

पेपर हातात पडल्यावर मंगल खरंच रीत दाखवायला शिक्षकांच्या खोलीत आली. आम्ही सगळे कान टवकारून बसलो.

"सर, आमच्या गल्लीत नळ दोन आहेत. एकाला पाणी येत नाही. दुसऱ्याला कधी येतं ते कुणालाच माहीत नाही. माझी आई पहाटेपासून रांगेत असते. आता तुम्हीच सांगा, टाकी भरायला किती मिनिटं लागतील?"

सरांनी लाल पेनचं टोपण काढलं. मग पेपर ओढून घेतला आणि एक मार्क वाढवला.

ती गेल्यावर मी विचारलं, "सर, मार्क कशाचा?"

"अनुभवाचा," सर म्हणाले आणि पुढचा पेपर घेतला.

* * *

आम्ही पोरींची सहल लासलगावला नेली होती, कांद्याचा बाजार दाखवायला. आवारात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या लागलेल्या, लिलाव पुकारणाऱ्यांचा गलका, आणि जिकडे बघावं तिकडे कांदाच कांदा. लाल, गुलाबी, डोळ्यांत पाणी आणणारा!

डेझीबाईंनी एवढा कांदा आयुष्यात पाहिला नव्हता. छत्री उंच करून त्या पोरींना ओरडून सांगू लागल्या, "लुक, गर्ल्स! हीप्स! हीप्स अँड हीप्स!"

ट्रॉलीच्या सावलीत एक म्हातारे शेतकरी बाबा भाकरी खात बसले होते. त्यांनी मला विचारलं, "काय म्हन्ती ही बाई?"

"ढीग म्हणतात बाबा. ढीगच्या ढीग."

"इंग्रजीत?"

"हो. हीप म्हणजे ढीग."

बाबांनी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरला. समोरच्या ढिगाकडे पाहिलं, मग आमच्या रांगेतल्या पोरींकडे, मग पुन्हा ढिगाकडे. "म्हन्जी इंग्रजीत बी त्यो ढीगच हाय?"

"ढीगच!"

"मंग येवढी वर्सं शाळेत घालून बदल काय झाला वं?"

डेझीबाईंना हसू आवरेना. हसता हसता त्या शेजारच्या पोत्यावरच बसल्या. बाबाही मग हसायला लागले. निघताना त्यांनी पिशवीभर कांदे बाईंच्या हातात कोंबले. "घ्या, बाई. हीप घ्या!"

येताना अख्खी बस रडत आली.

* * *

सय्यद सर फार कमी बोलायचे. जे बोलायचे ते मात्र लक्षात राहायचं.

डेझीबाईंच्या आई शेवटी शेवटी अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांच्या फाटकाबाहेर एक गुलमोहर होता. खाटेवरून तो दिसायचा नाही आणि उन्हाळा आला की म्हातारी रोज विचारायची, "फुलला का?" बाईंनी ही गोष्ट आमच्यात सहज सांगितली होती.

सय्यद सर दोन रविवार सायकल मारत देवळालीला गेले. फाटकापाशी स्टूल टाकून बसले आणि गुलमोहराचं चित्र काढलं. फ्रेम करून, खाटेसमोरच्या भिंतीला स्वतःच खिळा ठोकून लावलं. म्हातारीनं चित्राकडे पाहिलं आणि म्हणाली, "फुलला!"

दुसऱ्या दिवशी शाळेत बाई थेट त्यांच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. "सय्यद सर, थँक्स अ मिलियन!"

सरांनी दाढी खाजवली. "एवढे कुठं ठेवू, बाई? घरात आधीच पाच माणसं. एक द्या, बाकीचे तुमच्या आईजवळ राहू द्या."

* * *

आई गेल्या आणि डेझीबाई देवळालीच्या त्या घरात एकट्या उरल्या. त्यांचा सख्खा भाऊ कॅनडात. त्याचं म्हणणं पहिल्यापासून एकच, इकडे ये. आता त्यानं आपल्या मुलालाच पाठवलं. सोराब त्याचं नाव. उंच, गोरा, अतिशय नम्र मुलगा. आत्याला घेऊन जायलाच आला होता.

बाई त्याला शाळा दाखवायला घेऊन आल्या. आम्ही चिवडा-पेढे मागवले होते. सोराब सगळ्यांशी हात मिळवून बसला. बाई हेडसरांच्या खोलीत गेल्या, तेव्हा तो आम्हाला म्हणाला, "तुम्ही लोक फार चांगले आहात. पण रात्री-बेरात्री काही झालं, तर आंटीला इथे आहे कोण?"

तो इंग्रजीत बोलला, पण पगार सरांनाही ते कळलं. मुलगा वाईट हेतूनं बोलत नव्हता. त्याचं खरंच होतं. आमच्यापैकी कुणी बाईंच्या रक्ताचं नव्हतं, जातीचं नव्हतं, गल्लीतलंही नव्हतं. गायधनी सर उगाच चष्मा पुसत राहिले.

जायचं ठरलं. रविवारी सकाळच्या गाडीनं नाशिक रोडहून मुंबई, तिथून विमान.

त्या आठवड्यात मधल्या सुट्टीचा चहा कपातच गार व्हायचा. एकदा पगार सर मला म्हणाले, "बाईंना कुणीतरी सांगा ना, राहा म्हणून."

"तुम्हीच सांगा."

"मी कोण सांगणारा?"

मी सय्यद सरांकडे पाहिलं. तेही तेच म्हणाले. हेडसरही तेच. जिला म्हातारपणी आपलं माणूस बोलावतंय, तिला अडवायचं कुठल्या तोंडानं? आणि डेझीबाई तर काहीच बोलत नव्हत्या. बसनं यायच्या, शिकवायच्या, बसनं जायच्या. छत्री तीच, बूट तेच.

रविवारी मी नाशिक रोडला पोचले तर फलाटावर ही गर्दी! गायधनी सर सहकुटुंब आलेले. वहिनींच्या हातात लाडवांचा डबा. सय्यद सरांच्या मागे त्यांची तिन्ही मुलं. पगार सरांच्या खांद्यावर द्राक्षांची पेटी, आणि गावाकडचे दोन भाऊही बरोबर, जे बाईंना फक्त ऐकून ओळखत होते. नववीच्या पोरी आयांना घेऊन आलेल्या. कॅम्पातला पाववाला होता. बाईंच्या बसचा कंडक्टर रजा टाकून आला होता. हेडसर कोट घालून, हातात झेंडूचा जाडजूड हार घेऊन सगळ्यांत पुढे.

गाडी लागली. सोराब डब्यात चढला, आपली बॅग वर ठेवली आणि खिडकीशी येऊन बसला. डेझीबाई खालीच उभ्या होत्या. खांद्याला पर्स, हातात छत्री.

"बाई, चढा आता," हेडसर म्हणाले. "सामान कुठंय तुमचं? पोरांना सांगतो चढवायला."

"सामान घरी आहे."

"घरी? मग तुम्ही जाणार कशा?"

"अरे, उद्या नववीची टेस्ट आहे नी!" बाई जवळजवळ रागावूनच म्हणाल्या. "ती कोण घेणार? गायधनी?"

मी खिडकीकडे पाहिलं. सोराब हसत होता. डोळे सुजलेले, पण हसत होता. आत्या-भाच्याचं घरी सगळं बोलून झालेलं होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"मी इंग्रजी घेत नाही," गायधनी सर म्हणाले आणि तोंड फिरवून लांबच्या सिग्नलकडे बघायला लागले. वहिनींनी पदराचं टोक त्यांच्या हातात दिलं.

पगार सरांनी द्राक्षांची पेटी खाली ठेवली आणि तिच्यावरच बसले. "माय वं!" एवढंच त्यांच्या तोंडून आलं.

आता आणलेल्या वस्तूंचं करायचं काय? हेडसरांनी इकडेतिकडे पाहिलं, खिडकीतून हात घातला आणि हार सोराबच्या गळ्यात घातला! मग काय विचारता! वहिनींनी लाडवांचा डबा आत दिला. पगार सरांच्या भावांनी पेटी दारातून चढवली. पाववाल्यानं पाव दिले, नववीच्या पोरींनी फुलं दिली, कुणाच्या तरी आईनं शेंगदाण्याच्या चटणीची पुडी दिली. ज्या मुलाला निम्म्या लोकांनी आधी कधी पाहिलंही नव्हतं, त्याच्या मांडीवर जागा उरली नाही.

शिट्टी झाली. सोराब सगळं सावरत दारात आला. हार मानेत अडकलेला, हातात लाडू. फलाटभर हलणाऱ्या हातांकडे बघत तो ओरडला, "आंटी! हे सगळे कोण? हाउ मेनी आर दे?"

डेझीबाई वळल्या. त्यांनी आमच्यावरून सावकाश नजर फिरवली, पाववाल्यापासून पगार सरांच्या भावांपर्यंत. मग छत्री उंच करून, थेट सटाण्याच्या बाजारात शोभेल अशा आवाजात त्यांनी भाच्याला उत्तर दिलं.

"मायंदाळ!"

गाडी हलली. सोराब दारातून वाकून विचारत होता, "व्हॉट? आंटी, हाउ मेनी इज दॅट?"